गोधडीची वटी

गोधडी भेट देताना घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये. त्या वेळी सगळ्यांचीच तोंडं गोड असतात. त्यापेक्षा चार-सहा महिने जाऊ द्यावेत, न सांगता त्याच्या घरी जावं आणि जमिनीकडे पाहावं. जमिनीवर नाही दिसली तर पलंगाखाली पाहावं. पलंगाखालीही नसेल तर चहा न घेता उठावं, कारण मग ती कुठे आहे हे न कळलेलंच बरं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. तोवर मी आमच्या गोतावळ्यात गोधड्या वाटून बसले होते. कोणाला पोर झालं, दे गोधडी. कोणी घर बांधलं, दे गोधडी. रिठदला आमचं घर रस्त्याच्या कडेला आहे, सोयाबीन निघालं की मी पडवीत जुनी पातळं अंथरून, चारी टोकांना दगड ठेवून शिवायला बसत असे, आणि येणारीजाणारी माणसं विचारत, "यंदा कोणाचा नंबर?" मला त्याचा मोठा अभिमान होता. आमच्या यजमानांना नव्हता. ते म्हणायचे, "लोकायच्या घरी जागा नसते, अन् तू त्यायले अडगळ देते."

मी शिवायला शिकले माहेरी, केनवडला, आईच्या हाताखाली. कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत आत यायचं. पण एक कोपरा शेवटपर्यंत उघडा ठेवायचा. सगळं शिवून झालं की त्या कोपऱ्यात चिमूटभर भाजलेली ज्वारी आणि हळकुंडाचा लहानसा तुकडा घालायचा आणि मगच तो बंद करायचा. याला आई गोधडीची वटी म्हणायची. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरतात ना, तसंच. ज्वारी भाजून घेतली की ती पाण्यात उगवत नाही आणि तिला कीडही लागत नाही. कोपरा अंगठ्यानं चाचपला की हळकुंड लागतं, आणि आपल्या हातची गोधडी अंधारातही ओळखू येते.

"उपाशी गोधडी पांघरली तं माणूस सपनातबी भाकर मांगते," आई सांगायची. आणखी एक नियम होता तिचा. वटी उसवायची नाही. उसवलीच, तर जिनं भरली तिच्याकडूनच परत भरून घ्यायची, नाहीतर त्या घरातल्या पिठाच्या डब्याची बरकत जाते. आमच्या सगळ्या नातेवाइकांना हा नियम मी गोधडी देताना ऐकवत असे. ते मान हलवत. अशा वेळी मान हलवायला काही पैसे पडत नाहीत.

आई गेली त्या वर्षी भावानं तिच्या लुगड्यांचं बोचकं माझ्याकडे आणून दिलं. नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली, हिरवी, जांभळी, एक अंजिरी. माझ्या मनात तेव्हाच आलं, यांची एक मोठी गोधडी करायची. पण हात आता पूर्वीचे राहिले नव्हते. थंडीत बोटं आखडायची, सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची. म्हणजे मोठ्या गोधड्यांमधली ही शेवटची, हे मला माहीत होतं. आणि शेवटची गोधडी कोणाला द्यायची, हा प्रश्न त्या बोचक्याबरोबरच घरात आला.

त्याच सुमारास धाकटी जाऊ वाशीमहून आली. ती तिथे क्वार्टरमध्ये राहते, आणि क्वार्टरमध्ये राहायला गेल्यापासून तिला सगळ्यातलं कळतं. तिनं बोचकं पाहिलं आणि पायानंच जरा सरकवलं.

"काय करता बाई हे? भांडेवालीले देऊन टाका. एवढ्या लुगड्यायवर चांगलं स्टीलचं पातेलं देते ते."

"गोधडी शिवतो म्हणलं."

"आता कोण पांघरते गोधडी? ब्लँकेट पाह्यलं का तुमी? फुलावानी हलकं. धुवाचं काम नाही, वाळवाचं काम नाही."

"तुह्याकडं हाय ना माह्यी गोधडी? ते नाही पांघरत?"

"पांघरतो ना! रोज पांघरतो," असं म्हणून तिनं पटकन पाण्याचा गडू तोंडाला लावला. खोटं बोलल्यावर आमच्या जाऊला तहान लागते. हे मी तिच्या लग्नापासून पाहत आले आहे.

ती गेली आणि तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. खरंच कोणी पांघरत नसेल तर मी बोटं कशाला मोडून घेऊ? आणि तेही आईच्या लुगड्यांवर? माझ्या जुन्या पातळांचं पायपुसणं झालं तर मी गिळून टाकीन. पण आईची लुगडी कोणाच्या मोरीत पडलेली मला पाहवली नसती. मग मी ठरवलं, आधी पाहून यायचं. एकाही घरात गोधडीची कदर दिसली तर शिवायची. नाही दिसली तर भांडेवालीला हाक मारायची, पातेलं घ्यायचं आणि त्यात भाजी करून खायची.

पहिली फेरी अर्थात जाऊकडे. दुपारी गेले. गोधडी रोज पांघरली जात होती, यात तिनं खोटं सांगितलं नव्हतं. फक्त पांघरणारं कुत्रं होतं. पांढरं, केसाळ, डोळ्यांवर झुलपं आलेलं ते ध्यान माझ्या गोधडीत गुरफटून कोपऱ्यात पडलं होतं.

"याले थंडी लय वाजते वो बाई," जाऊ म्हणाली.

"ब्लँकेट दे ना त्याले. फुलावानी हलकं असते म्हणते."

"देल्लं होतं. झोपतच नाही त्याच्यावर."

मी कुत्र्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गोधडीचं टोक आणखी आत ओढून घेतलं. त्या घरात अक्कल कोणाला आहे, हे मला तेव्हा समजलं.

तिथून मैत्रिणीकडे. ही माझी केनवडच्या शाळेतली मैत्रीण, आता वाशीमला शिक्षिका आहे. दार उघडताच समोर माझी गोधडी. हॉलच्या भिंतीवर, लाकडी पट्टीला ठोकलेली, वर छोटा दिवा लावलेला. मला भरून आलं. जवळ जाऊन हात लावायला गेले तर ती ओरडली, "अगं हात नको लावू! डाग पडतात."

"मीच शिवली आहे ती."

"म्हणूनच तर! आर्ट आहे ते. येणारे सगळे विचारतात."

"पांघरत नाहीस?"

"वेडी आहेस का?"

तिच्या सोफ्यावर बसून मी गोधडीकडे पाहत राहिले. तिचा नवरा आतल्या खोलीत शिंकत होता. पायावर शाल घेऊन बसला होता बिचारा. ऊब भिंतीला देऊन माणसानं शाल घ्यायची, याला काय म्हणावं ते मला सुचलं नाही. कुत्र्याचं घर बरं होतं असं वाटायला लागलं.

लेक पुण्याला असते. तिकडे काही मी जाऊ शकत नव्हते, म्हणून व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ विचारलं, गोधडी दाखव. तिनं फोन घेऊन पलंगाची पेटी उघडली. वर दोन सुटकेस, त्यांच्याखाली जावयाच्या कंपनीनं दिलेल्या बॅगा, त्यांच्याखाली चेन लावलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्यात माझी गोधडी, घडीवर डांबराच्या गोळ्या.

"बघ आई, किती जपून ठेवली आहे! अगदी नवीसारखी."

लेक फोनवर पुण्याचं बोलते. रागावली तरच वऱ्हाडी होते. मी म्हणाले, "बाळा, मी ते नवी राहाले नव्हती देल्ली."

"खराब झाली तर?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण फोन ठेवला. जाऊचा राग आला नव्हता, मैत्रिणीचंही हसू आलं होतं, पण डांबराच्या गोळ्या मला लागल्या. ती गोधडी तिच्या बाळंतपणासाठी, माझ्या सगळ्यात मऊ पातळांची शिवली होती.

आणि उरली होती कसर ती भाच्यानं भरून काढली. नणंदेचा हा मुलगा शेलूबाजारला जीप चालवतो. मी कारंज्याला एका लग्नाला निघाले होते, शेलूबाजारला गाडी बदलायला उतरले. चौकात एक जीप उभी, तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि पायांखाली माझं लग्नातलं मोरपंखी पातळ. म्हणजे त्या पातळाची गोधडी. ग्रीस, धूळ, ऑइल, आणि मधूनच एखादा मोरपंखी पट्टा चमकतो आहे.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्या पायाला चिमटा काढला.

"कोण हाय बे?" असं म्हणत भाचा सरपटत बाहेर आला. मला पाहिलं आणि काळ्या हातांनी तसाच पाया पडला. "मामी! तुमी? चाय सांगतो, बसा."

"चाय राहू दे. हे काय अंथरलं, पोट्ट्या?"

"गोधडी. तुमीच देल्ली होती."

"पांघराले देल्ली होती का लोळाले?"

"पांघरतो बी, लोळतो बी," तो शांतपणे म्हणाला. "खाली गिट्टी रुतते ना मामी. पोतं अंथरलं तं पाठ सोलते."

मी त्याला भर चौकात असं काही झापलं की पानटपरीवाला टपरीतून अर्धा बाहेर आला. माझ्या लग्नाचं पातळ, माझी बोटं, सगळं काढलं. भाचा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मी थांबल्यावर म्हणाला, "मामी, तुमची गाडी लागली." गाडीत बसून मी मनाशी पक्कं केलं. भांडेवाली.

पण भांडेवाली येण्याआधी वाशीमला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, आमच्यातलाच. जेवणं झाल्यावर बायका खुर्च्यांवर गोल करून बसल्या होत्या. जाऊला तिथे गंमत सुचली.

"आमच्या बाईनं मले गोधडी देल्ली ना," ती सगळ्यांना सांगू लागली, "आमचा मोती लय खूश हाय! आता त्याच्या पिल्लायसाठी बी शिवाले सांगतो."

बायका हसल्या. भिंतीवाली मैत्रीण हसली. लेक आली नव्हती, पण तिची सासूबाई हसली. माझी कानशिलं गरम झाली. मी रडणार नव्हते, आणि भांडणार तर मुळीच नव्हते. भांडले असते तर वर्षभर त्यांना तेच पुरलं असतं. मी रुमालानं हात पुसले आणि अगदी सहज म्हणाले,

"हसा बाई. पण कुत्र्याले जरा सांभाळजो. त्यानं फाडली तं तुहंच नुकसान हाय."

"कायचं नुकसान?"

"आमच्या आईनं मले तिची सोन्याच्या मण्यायची पोत देल्ली होती ना. ते एक डाव गोधडी शिवताना तुटली. सारे मणी येचले, एक काही भेटला नाही. मले वाटते वटी भरताना ज्वारीसंगं आत गेला असन."

बायकांच्या खुर्च्या पुढे सरकल्या.

"कोण्या गोधडीत?" जाऊनं विचारलं.

"तेच तं ध्यानात नाही."

"केवढा होता मणी?"

"हरभऱ्याएवढा," मी म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. तहान मला खरीच लागली होती.

आता खरं काय ते सांगते. पोत तुटली होती हे खरं. मणी सगळे सापडले होते हेही खरं, आणि ते हरभऱ्याएवढे नव्हते, मुगाएवढे होते. बाकीचं मी तिथल्या तिथे रचलं. घरी येऊन यजमानांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"तुहा मणी हारपला असता तं तू गाव डोक्यावर घेतलं असतं. हे लोकायले कसं नाही समजलं?"

"लोकायले मणी दिसला. मी कोणाले दिसून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊचा फोन. "बाई, तुमची गोधडी धुवाले काढली होती. मोतीले दुसरं काही अंथरलं. ते, वटी कोण्या कोपऱ्यात असते वो?"

"चारीपैकी एका."

"पण कोण्या?"

"माह्या शिवण्यात तसा काही नेम नाही." नेम आहे. डाव्या हाताचा खालचा कोपरा, नेहमी.

मग मैत्रिणीचा फोन. भिंतीवरची गोधडी झटकताना म्हणे एका कोपऱ्याचे टाके आपोआप सुटले. मी म्हणाले, भिंतीवर टांगलेल्या वस्तूचे टाके आपोआप सुटत असतील तर भिंत पाहून घे. एका चुलत नणंदेनं तर मला सांगूनच टाकलं की तिनं चारही कोपरे आणि मधला भागही पाहिला. गोधडी कोणालाच नको होती, आणि त्या आठवड्यात आमच्या गोतावळ्यात प्रत्येकाच्या मांडीवर माझी गोधडी होती. थंडीत इतक्या जणांनी इतक्या प्रेमानं गोधडी कुशीत घेतलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. हातात तेवढं ब्लेड होतं.

मणी अर्थात कोणाला सापडला नाही. मग एकेकाला पिठाच्या डब्याची आठवण झाली. ब्लँकेटवर विश्वास ठेवणारी माणसंसुद्धा बरकतीशी खेळत नाहीत. उसवलेल्या गोधड्या माझ्याकडे येऊ लागल्या, वटी परत भरून द्या म्हणून. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गोधड्या शिवायच्या नाहीत असं ठरवलेली मी, पडवीत उसवलेल्या गोधड्यांच्या ढिगात बसून भाजलेली ज्वारी भरू लागले. यजमान येता-जाता विचारत, "सोनं निघालं का काही?"

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता. लेकीचा फोन आला नव्हता. सासूबाईंनी तिला मण्याचं सांगितलं असणारच, तरी ती काही बोलली नाही. माझी लेक उसवणार नाही, मी यजमानांना सांगितलं. तिनं पिशवीत ठेवली असेल, पण ती उसवणार नाही. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला आवडत नाही.

संक्रांतीला लेक आली आणि बॅगेतून गोधडी काढून म्हणाली, "इथे थंडी असते ना, म्हणून आणली." मी गोधडी हातात घेतली. सवयीनं अंगठा कोपऱ्यावर गेला. हळकुंड होतं जागच्या जागी. पण टाके माझे नव्हते. लाल दोऱ्यानं, एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच गेलेला. तिसरीतल्या पोरीनं पाटीवर ओळ काढावी तसे.

मी गोधडी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं. ती मागून आली.

"आई, मी मणी नव्हते शोधत."

मी मागे वळून पाहिलं.

"बरं, शोधत होती!" तिची वऱ्हाडी बाहेर पडली. "पण मंग ज्वारी सांडली, अन् मले असं झालं, का सांगू! सारी येचली मी. एक दाणा पेटीखाली गेला होता, तो बी मोबाइलच्या टॉर्चनं काढला. जशी होती तशी भरली. फक्त टाके जमले नाही. बोटाले सुई लागली, पाह्य."

तिनं बोट पुढे केलं. जन्मात सुई न धरलेली माझी लेक. लहानपणी बटण तुटलं तर शर्ट टाकून द्यायची. मला आधी रडू आलं आणि ते अर्ध्यावर असतानाच हसू आलं.

"आता तू नीट भरून दे," ती म्हणाली. "नेम हाय ना?"

"राहू दे," मी म्हणाले. "तुह्या हातची बी चालते."

त्या रात्री ती गोधडी तिनंच पांघरली. ती जाताना गोधडीसोबत आलेल्या डांबराच्या गोळ्या मी चुलीत टाकल्या. वास तीन दिवस गेला नाही. पण लेकीनं उसवली होती हे काही खोटं होत नव्हतं, आणि आईचं बोचकं अजून तसंच होतं.

आठवड्यानं भाचा भाडं घेऊन रिठदला आला. वाशीमच्या दोन गोधड्या त्याच्याकडे कोणीतरी दिल्या होत्या, त्या त्यानं पडवीत आणून टाकल्या. मी त्याच्याशी शेलूबाजारच्या चौकापासून बोलत नव्हते. तो जीपच्या टपावरून काहीतरी काढत होता तेव्हा मला मागच्या सीटवर ती दिसली, मोरपंखी आणि काळी. मी गुपचूप जाऊन कोपरा चाचपला.

हळकुंड होतं. वर माझे टाके होते, ग्रीसनं काळे झालेले, पण एकूणएक माझे.

"अरे, तुले मण्याचं कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. माय दोन डाव बोलली, उसव म्हणून."

"मंग काहून नाही उसवली?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी आहे. "उसवून काय करू मामी? शिवाले कोण बसते? अन् तवर मी काय मणी अंथरून गाडीखाली झोपू?"

मी कोपऱ्यावरचं ग्रीस पदरानं पुसलं.

"मणी असन तं राहू द्या त्याच्यातच," तो म्हणाला. "मांगच्या थंडीत मालेगावच्या घाटात गाडी बंद पडली होती. हिच्यामुळं वाचलो. फक्त मामी, आता हे मधातून इरली. तुमच्याकडं एखादी जुनी-पुरानी असन तं सांगजा."

मी आत गेले. बोचकं सोडलं. यजमान दारात उभे राहून पाहत होते.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"जीपसाठी."

आता आमची आई म्हणजे कशी, ते सांगायला हवं. हात धुतल्याशिवाय ती स्वतःच्याच लुगड्याला हात लावायची नाही. अंगणात पाय वाजला की पायावर पाणी घ्यायला लावायची. तिची लुगडी ऑइलमध्ये लोळणार म्हटल्यावर तिनं वरून मला काय काय म्हटलं असेल, ते मी शिवताना रोज ऐकत होते. पण तिच्या लुगड्यांत मीही ताप आला की लोळले आहे, आणि तेव्हा तिनं माझे पाय धुतलेले नव्हते. मी रोज थोडं थोडं शिवत गेले. शेजारची पोर दोरा ओवून द्यायची. अंजिरी लुगडं मी खालून लावलं, डाग कमी दिसावेत म्हणून.

जाऊ मध्येच एकदा आली. "घरच्या कोणाले नाही, भाच्याले? एवढी मोठी? मले देल्ली असती तं मी पलंगावर टाकली असती."

"मोतीच्या का तुह्या?"

ती पाणी पिऊ लागली.

शेवटी एक कोपरा उरला, डाव्या हाताचा, खालचा. दुपारची वेळ होती, घरात कोणी नव्हतं. मी भाजलेली ज्वारी घातली, हळकुंड घातलं. मग उठले, देव्हाऱ्यातली डबी काढली आणि आईची पोत सोडली. एक मणी काढून घेतला, बाकीचे परत ओवले. मणी हळकुंडाला टेकवून ठेवला आणि कोपरा शिवून टाकला, दुहेरी टाक्यानं.

आता हे सुरक्षित आहे, कारण कोणत्याच कोपऱ्यात काही निघालं नाही, तेव्हाच मी बनवाबनवी केली हे साऱ्या जिल्ह्याला कळलं आहे. माझ्या कोणत्याही गोधडीत मणी आहे असं मी शपथेवर सांगितलं तरी कोणी ब्लेड उचलणार नाही. इथे लिहून ठेवायचीही भीती नाही. आमच्या घरात पुस्तक कोणी वाचत नाही. आणि एखाद्यानं चुकून वाचलंच, तर त्याला आधी भाच्याला जीपखालून उठवावं लागेल.

यजमानांची नजर तेवढी तेज. पोत गळ्यात घातली त्या दिवशी ते म्हणाले, "एक मणी कमी दिसून राह्यला."

"हारपला असन."

"गाव डोक्यावर नाही घेतलं?"

"वय झालं आता," मी म्हणाले. ते हसले आणि पुन्हा विचारलं नाही. त्यांचं हे न बोलणं मात्र मला आवडलं.

परवा शेलूबाजारला उतरले होते. चौकात जीप उभी, खालून दोन पाय बाहेर. पायांखाली आईचं जांभळं लुगडं, वर ऑइलचा ताजा डाग, तळहाताएवढा. मग मी खाली वाकले आणि कोपरा अंगठ्यानं चाचपला. ज्वारी, हळकुंड, आणि त्याला लागून तो.

"कोण हाय?" जीपखालून आवाज आला.

"मामी हाय."

"काय पाहून राह्यल्या?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुह्या पाठीले गिट्टी रुतते का, ते पाहून राह्यली."